मध्यम शहरांच्या नेतृत्वाची परिषद कोल्हापुरात भरवता येईल का?

पेठकर

शहरांविषयीच्या परिषदा बहुधा मुंबई, पुणे किंवा दिल्लीत भरतात आणि त्यांत मेट्रो, उन्नत मार्ग व गगनचुंबी इमारतींची चर्चा होते. राज्यात आज २९ महानगरपालिका आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शहरांना मेट्रोचे स्वप्नही पडत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, नांदेड, अमरावती या शहरांपुढचे प्रश्न निराळे आहेत. घरफाळ्याची थकबाकी कशी वसूल करायची, पन्नास वर्षांपूर्वीच्या जलवाहिन्या कोणत्या क्रमाने बदलायच्या, शंभर बस धड चालवायच्या कशा आणि गावठाणातील अरुंद बोळात अग्निशमन बंब कसा न्यायचा, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे मुंबईतील वातानुकूलित सभागृहात मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही सात-आठ जण, म्हणजे दोन प्राध्यापक, एक वास्तुविशारद, एक सनदी लेखापाल आणि आमच्यासारखे काही रिकामटेकडे, गेले दोन महिने अशा शहरांच्या नेतृत्वाची दोन दिवसांची परिषद कोल्हापुरात घेण्याचा विचार करत आहोत. महापौर, नगरसेवक, आयुक्त, नगर अभियंते आणि नागरी संघटनांचे कार्यकर्ते मिळून सुमारे तीनशे प्रतिनिधी असावेत, असा आमचा अंदाज आहे.

हीच वेळ निवडण्याचे कारण सांगतो. आमच्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. इतर बहुतेक महापालिकांची कहाणीही थोड्याफार फरकाने अशीच आहे. आता ८१ जणांचे सभागृह पुन्हा भरले असून त्यांत पहिल्यांदाच निवडून आलेले अनेक जण आहेत. अंदाजपत्रक वाचायचे कसे, हे त्यांना सांगणारे कोणी नाही आणि विचारायची त्यांची तयारी असली तरी विचारायचे कोणाला, हाही प्रश्न आहेच.

जागेचा प्रश्न मोठा आहे. एरवी केशवराव भोसले नाट्यगृहाचे नाव सर्वांत आधी आले असते, परंतु ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. शाहू स्मारक भवन आणि विद्यापीठाची सभागृहे डोळ्यांसमोर आहेत. दिवस म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध सुचला आहे. जाणकारांनी मोकळेपणाने दोष दाखवावेत.

मंडपवाले

मी वीस वर्षे सभा-समारंभांच्या व्यवस्थेचे काम करतो, म्हणून दोष दाखवण्याचा अधिकार आधीच वसूल करून घेतो.

तीनशे प्रतिनिधी म्हणजे एका खोलीत दोघे धरले तरी दीडशे खोल्या लागतील, आणि महापौर व आयुक्त खोली वाटून घेत नाहीत हे लक्षात घेता त्याहून अधिक. पूर्वी शनिवार-रविवारी अंबाबाईच्या भाविकांची गर्दी असे आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या सहज मिळत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले. कोल्हापूरबरोबरच सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील पक्षकार व वकील आता सोमवार ते शुक्रवार येत असतात, त्यामुळे मधल्या दिवसांचा तो आधारही गेला. फेब्रुवारीत लग्नसराई असते. पेठकरांनी निवडलेले दिवस मला व्यावसायिक दृष्टीने अतिशय आवडले, कारण त्या दिवसांत कोणीही मागेल तो दर द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट सत्कारांची. एका संस्थेच्या दोन दिवसांच्या परिषदेचे काम माझ्याकडे होते. उद्घाटन सकाळी दहाला होते, मान्यवर साडेअकराला आले. व्यासपीठावर १९ खुर्च्या मांडल्या होत्या, आयत्या वेळी आणखी सात मांडाव्या लागल्या आणि शाली कमी पडल्या म्हणून माझा माणूस दुचाकीवरून महाद्वार रोडला पिटाळावा लागला. सत्कार संपेपर्यंत जेवणाची वेळ झाली. नागपूरहून आलेल्या एका अभियंत्याने सांडपाण्याच्या पुनर्वापरावर अत्यंत मेहनतीने तयार केलेला निबंध दुपारी तीन वाजता वाचला, तेव्हा सभागृहात मी धरून चौदा माणसे होती आणि त्यांतील तिघे माझे वाढपी होते. त्या गृहस्थांनी शेवटचे पान वाचलेच नाही, कागद घडी करून खिशात घातला. परिषद कोल्हापुरात घ्या की चंद्रावर, हे टाळता येणार नसेल तर शाली-श्रीफळांचा खर्च तरी वाचवा.

निवृत्त जल अभियंता

मंडपवाल्यांनी सांगितलेला तो अभियंता मी नव्हे, पण मी असू शकलो असतो.

मूळ प्रस्तावात एक गोष्ट राहून गेली आहे, असे मला वाटते. इतर शहरांतील मंडळींनी दोनशे-चारशे किलोमीटर प्रवास करून कोल्हापूरला यावे, तर इथे असे काही पाहायला मिळाले पाहिजे जे त्यांना पडद्यावरील सादरीकरणातून मिळणार नाही. आपल्याकडे ते भरपूर आहे, पण त्यातील बरेचसे आपण पाहुण्यांपासून लपवतो.

काळम्मावाडी धरणापासून शहरापर्यंतची थेट पाइपलाइन सुमारे ५३ किलोमीटरची आहे. काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि पाणी शहरात पोहोचले नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत. मधली नऊ वर्षे कशात गेली, हा कोणत्याही मध्यम शहराच्या नगरसेवकासाठी पाठ्यक्रम होऊ शकतो. नळ टाकणे हे त्यातले सोपे काम. नळ ज्या जमिनीतून जातो ती कुठे वन विभागाची, कुठे पाटबंधारे खात्याची, कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाची, कुठे जिल्हा परिषदेची आणि कुठे शेतकऱ्याची असते. प्रत्येक परवानगीचे टेबल निराळे आणि एक परवानगी मिळेपर्यंत दुसरीची मुदत संपण्याची भीती. पाणी आल्यानंतरही तिकडचे पंप बंद पडले की इकडे शहराचे नळ कोरडे पडतात, तेव्हा जुनी उपसा केंद्रे मोडीत काढायची की राखून ठेवायची, हा निर्णय कोणत्याही शहराला घ्यावाच लागतो.

पुराचेही तसेच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहराचे बेट झाले. २०१९ मध्ये बालिंगा आणि शिंगणापूर येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने चहूबाजूंनी महापूर असलेल्या शहरात नळाला थेंब नव्हता. ज्या शहराचे उपसा केंद्र नदीकाठी आहे, त्या प्रत्येक शहराच्या अभियंत्याने विजेची उपकरणे किती उंचीवर ठेवावीत, हे कोल्हापुरात येऊन भिंतीवरील खुणेला हात लावून पाहावे.

म्हणून माझी सूचना अशी की परिषद मे महिन्यात घ्यावी. उन्हाळा आहे हे मान्य, परंतु नदी तळाला गेलेली असते, त्यामुळे नाले नदीला कुठे मिळतात ते उघड्या डोळ्यांनी दिसते, पुराच्या खुणा दिसतात आणि त्याच काळात महापालिकेच्या पूर आराखड्याची तयारीही चालू असते. पाहुण्यांना जे दाखवायचे, ते त्यांच्यासाठी मुद्दाम उभारलेले नसावे.

खामकाठ

मी छत्रपती संभाजीनगरचा. मध्यम शहराने मोठी परिषद भरवली की काय होते, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. जी-२० च्या निमित्ताने २७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ रोजी महिलांच्या डब्ल्यू-२० गटाची प्रारंभिक बैठक आमच्याकडे झाली. त्याआधीच्या काही आठवड्यांत पाहुण्यांच्या मार्गावरील दुभाजक रंगले, भिंतींवर चित्रे आली, दिव्यांच्या खांबांना रोषणाई झाली. शहर सुंदर दिसले हे नाकारण्यात अर्थ नाही आणि ऐतिहासिक दरवाजांकडे लोकांचे लक्ष गेले, हा फायदाही खराच.

पण आमच्या घरी तेव्हा नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत होते. माझ्या आईने दुभाजकावरील झाडांना टँकरने पाणी घालताना पाहिले आणि त्या टँकरचालकाला थांबवून शांतपणे विचारले, "बाबा, आम्ही पण कुंडीत उभे राहू का?" तो बिचारा हसला आणि त्याने तिची कळशी भरून दिली.

सांगायचे एवढेच की परिषदेच्या दोन दिवसांसाठी शहराचा एक पट्टा रंगवण्याचा मोह तुमच्याकडेही होईल. जल अभियंत्यांची सूचना त्यावरचा उपाय आहे. नालाच दाखवायचा असेल तर दुभाजक रंगवून काय उपयोग?

प्रभागातली

मी यापूर्वी एका महापालिकेत एकदा नगरसेविका होते. कोणत्या ते महत्त्वाचे नाही. या चर्चेत "नेतृत्व" हा शब्द फार सैलपणे वापरला जात आहे, म्हणून लिहिते.

आपल्या राज्यात मुंबई वगळता महापालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमानुसार चालतो आणि त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. महापौर सभेचे अध्यक्ष असतात, शहराचे प्रथम नागरिक असतात, परंतु एखाद्या रस्त्याच्या देयकावर त्यांची सही चालत नाही. आर्थिक निर्णय १६ सदस्यांच्या स्थायी समितीत होतात. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असली तरी पक्षांतर्गत समजुतीने तिची खांडोळी होते आणि एकाच मुदतीत तीन-चार जणांच्या गळ्यात साखळी पडते. ज्याला आठ महिने मिळणार आहेत, त्याने जलवाहिन्यांचा दहा वर्षांचा आराखडा कशासाठी करावा? तिकडे आयुक्तांची बदली कधी होईल, हे त्यांनाही ठाऊक नसते. म्हणजे शहराचे नेतृत्व म्हणून ज्यांना बोलवाल, त्यांतील कोणीही तीन वर्षांनी त्या खुर्चीत असण्याची शक्यता कमी. परिषदेचा पहिला विषय हाच ठेवावा, असे मला वाटते.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तीच घटनादुरुस्ती सांगते. त्या समित्यांच्या सभांना नागरिक किती येतात आणि आले तर त्यांना बोलू देतात का, हे प्रत्येक शहराने आपापल्या इतिवृत्तांसह येऊन सांगावे. भाषण नको, इतिवृत्त आणा.

आणखी एक अट घालाच. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा निम्म्या प्रतिनिधी महिला येतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. मी ज्या प्रशिक्षणाला गेले होते, तेथे नगरसेविकांच्या नावाच्या पट्ट्यांमागे निम्म्या खुर्च्यांवर त्यांचे पती बसले होते आणि आयोजकांनी त्यांना "साहेब" म्हणून चहा दिला. मी शेजारच्या गृहस्थांना त्यांच्यासमोरची पट्टी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम घरी पाहुण्यांत आहेत." ज्या व्यक्तीच्या नावे निवडणुकीचे प्रमाणपत्र आहे, तिलाच प्रवेश द्यावा. गर्दी कमी झाली तर मंडपवाल्यांचा खोल्यांचा प्रश्नही सुटेल.

मंडपवाले

बाईंच्या शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन. जल अभियंत्यांच्या मे महिन्याविषयी आधी मी हसलो होतो, पण हिशेब करून पाहिला तर त्यात तथ्य निघते. मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी असते, त्यामुळे वकील मंडळींच्या खोल्या मोकळ्या होतात. शाळा-महाविद्यालयांना सुटी असल्याने वसतिगृहे रिकामी असतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. त्या बोर्डिंगांच्या विश्वस्तांशी बोलून सव्वाशे-दीडशे प्रतिनिधींची सोय होऊ शकते. खाट, स्वच्छ चादर, पंखा आणि सकाळी गरम पाणी, एवढे मी जबाबदारीने देतो. मात्र त्याच सुटीत देवदर्शनाला येणाऱ्या कुटुंबांची रीघ लागते, म्हणून शनिवार-रविवार टाळावा आणि मंगळवार-बुधवार धरावा.

हिशेबनीस

मे महिना हा बदल्यांचा हंगाम असतो. फेब्रुवारीत ज्या आयुक्तांना निमंत्रण द्याल, ते मे महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातील बंगल्यात सामान लावत असतील. निमंत्रण व्यक्तीला न देता पदाला द्यावे आणि आयुक्तांबरोबर त्याच महापालिकेचा एक कायमस्वरूपी अभियंता किंवा लेखाधिकारी यावा, अशी अट असावी. साहेब बदलले तरी फाईल कुठल्या कपाटात आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

पैशांविषयी कोणी बोलत नाही, म्हणून बोलतो. मराठी माणसाला परिषद भरवण्याचा एकच नमुना माहीत आहे आणि तो साहित्य संमेलनाचा. तो वाईट नाही. कोल्हापुरात १९३२ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले, पुढे १९९२ मध्ये पुन्हा झाले. इचलकरंजीने १९७४ मध्ये पु. ल. देशपांडे अध्यक्ष असलेले पन्नासावे संमेलन भरवले, तेव्हा ते नगरपालिकेचे गाव होते. घरोघरी पाहुणे उतरवण्याची रीत होती म्हणून ते शक्य झाले. परंतु या नमुन्यात स्वागताध्यक्ष नावाचे पद असते, आणि ज्याच्याकडे साखर कारखाना, शिक्षण संस्था किंवा सत्ता आहे, तोच त्या पदावर बसतो. साहित्याच्या बाबतीत ते खपून जाते. शहराच्या परिषदेत मात्र स्वागताध्यक्षांचे बांधकाम पूररेषेत असेल, तर पूररेषेवरील चर्चासत्राचा सूर आपोआप सौम्य होईल.

म्हणून बांधकाम व्यावसायिक आणि महापालिकेचे कंत्राटदार यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नये. प्रतिनिधी शुल्क ठेवावे, वसतिगृहात राहणाऱ्यास कमी आणि हॉटेलात राहणाऱ्यास अधिक. जमाखर्च परिषद संपल्यावर महिन्याभरात सर्वांना वाचता येईल असा जाहीर करावा. घरफाळ्याच्या वसुलीवर व्याख्याने देणाऱ्यांनी स्वतःचा हिशेब दडवू नये, हे उघड आहे.

हद्दीबाहेरचा

मी उचगावचा रहिवासी आहे आणि आमच्या गावाच्या सीमेवर कोल्हापूर सुरू होते, की कोल्हापूरच्या सीमेवर आमचे गाव, याविषयी पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे.

आपले प्रतिनिधी विमानाने आले तर उजळाईवाडीत उतरतील, ते ग्रामपंचायतीचे गाव आहे. महामार्गाने आले तर शिरोलीला वळतील, तीही ग्रामपंचायत. महामार्गालगतच्या हॉटेलात उतरले तर रात्रीही बहुधा एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतच झोपतील. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली आणि तेव्हापासून तिची हद्द एक इंचही वाढलेली नाही. म्हणजे मध्यम शहराच्या नेतृत्वाची परिषद भरवायची आणि त्या शहराचा वाढलेला निम्मा भाग व्यासपीठावर नाही, असे होईल. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. आमच्याकडे त्याची ओळख बांधकाम परवान्याचे आणखी एक कार्यालय, एवढीच आहे.

आमचा हद्दवाढीला विरोध का, हे शहरातील मंडळी कधी विचारत नाहीत, ते गृहीत धरतात. आम्हाला घरफाळा वाढेल याची भीती आहे, हे खरे. पण शहरातीलच उपनगरांना पुरेसे पाणी आणि गटारे मिळालेली नसताना आम्हाला काय मिळणार, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. परिषदेत या गावांच्या सरपंचांना बोलवावे आणि त्यांना स्वागतगीताच्या वेळी न बसवता, महापौरांच्या समोर बसवून बोलू द्यावे. हा प्रश्न सांगली, सोलापूर, नाशिक, सगळीकडे आहे. तिथल्या गावांनी हद्दीत येऊन काय मिळवले आणि काय गमावले, हे आमच्या सरपंचांनाही ऐकायचे आहे.

तालीमवाला

एक विषय कोणीच काढला नाही. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पहिली नाव आली ती तालमीच्या पोरांनी आणलेली. कोणाच्या घरी आजारी म्हातारे माणूस आहे, कोणाच्या घराचा मागचा दरवाजा उघडतो, कोणाला मधुमेहाचे औषध लागते, हे त्यांना तोंडपाठ होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ या भागांत तालीम ही जोर-बैठकांपुरती उरलेली नाही, तिथे भांडणे मिटतात, रक्तदान होते, फुटबॉलचा संघ निघतो आणि हो, डॉल्बीच्या भिंतीही तिथेच लागतात, ते मी नाकारत नाही. शहराचे नेतृत्व शोधायचे तर तालमीच्या पायरीवरही शोधावे. त्यांना परिषदेत स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या बाटल्या वाटायला लावू नका, एक सत्र त्यांच्याकडे द्या.

निवृत्त जल अभियंता

तालीमवाल्यांचे म्हणणे सर्वस्वी योग्य आहे. २०२१ मध्ये आमच्या नियंत्रण कक्षाकडे नकाशे होते, पण कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते हे नकाशावर कळत नव्हते, कारण पाणी नदीकडून न येता नाल्यातून उलटे चढत होते. ते आम्हाला एका मंडळाच्या कार्यकर्त्याने दूरध्वनीवर सांगितले. त्याने गटाराचे झाकण उचलले गेल्याची वेळसुद्धा सांगितली होती. ती मी माझ्या वहीत लिहून घेतली, अहवालात मात्र ती आली नाही, कारण अहवालाच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता.

मँचेस्टरवासी

इचलकरंजीहून लिहीत आहे. आमच्या १९७४ च्या संमेलनाची आठवण काढल्याबद्दल हिशेबनीसांचे आभार. आता दुसरी आठवण मी काढतो.

२०१२ मध्ये आमच्या गावात काविळीची साथ आली. पंचगंगा कोल्हापुरातून आमच्याकडे वाहते. तुमच्या जयंती नाल्याचे पाणी उपसून कसबा बावड्याच्या रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेले जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. पाऊस पडला किंवा पंप थांबला की ते नाल्यावरून थेट नदीत जाते, हेही आम्हाला पाण्याच्या रंगावरून कळते. आमच्या प्रक्रिया उद्योगांचे पाणी पुढे शिरोळ तालुक्याला जाते, म्हणून आम्हीही सोवळे नाही. २०२२ मध्ये आमची महापालिका झाली. म्हणजे आता एकाच नदीवर, एकाच जिल्ह्यात दोन महापालिका आहेत आणि दोन्ही सभागृहांची एकत्र बैठक झाल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. आम्ही वरच्या कागलकरांकडे दूधगंगेचे पाणी मागतो, ते देत नाहीत. शिरोळकर आमच्याकडे स्वच्छ नदी मागतात, ती आम्ही देत नाही. नेतृत्वाची परिषद एकाच शहराने भरवली तर नदीचा फक्त एक काठ दिसेल.

माझा आग्रह असा की कोल्हापूर आणि इचलकरंजी यांनी ही परिषद मिळून भरवावी. पहिला दिवस तुमच्याकडे, दुसरा आमच्याकडे. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे.

पेठकर

सर्वांचे लेखन मी आमच्या गटाच्या कालच्या बैठकीत वाचून दाखवले. सनदी लेखापाल मित्राने हिशेबनीसांच्या सूचना टिपून घेतल्या आणि वास्तुविशारद मित्राने देणगीदारांच्या यादीतील चार नावांवर स्वतःहून काट मारली. त्यांतील दोन त्याचेच ग्राहक आहेत, म्हणून त्याचे विशेष कौतुक.

फेब्रुवारी सोडून दिला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील मंगळवार-बुधवार धरू. मुक्कामासाठी बोर्डिंगांच्या विश्वस्तांना भेटण्याचे काम मंडपवाल्यांबरोबर मी करीन. उद्घाटनाला व्यासपीठ नसेल, सत्कार नसतील, आणि निवडणुकीच्या प्रमाणपत्राची अट निमंत्रणातच छापली जाईल. यावर आमच्यात बराच खल झाला. एका सदस्याचे म्हणणे असे की सत्कार नाही म्हटल्यावर निम्मे महापौर येणार नाहीत. जे येणार नाहीत त्यांच्या खोल्या सरपंचांना द्याव्यात, असे ठरले.

पहिला दिवस सकाळी साडेसहाला सभागृहाबाहेर सुरू होईल. महापालिकेच्या केएमटी बसने जयंती नाला, तिथून राजाराम बंधारा आणि पुराच्या खुणा, आणि मग शाहू स्मारकात चर्चा. बसमध्ये तालमीचे कार्यकर्ते माहिती देतील आणि जल अभियंत्यांनी आपली ती वही सोबत आणावी, ही विनंती. दुपारी गावांचे सरपंच व महापौर समोरासमोर. प्रभाग समित्यांची इतिवृत्ते प्रत्येक शहराने आणायची आहेत. एखाद्या शहराने "सभा झाल्या नाहीत" असे लेखी आणले तरी ते ग्राह्य धरू.

थेट पाइपलाइनची भेट मात्र दोन दिवसांत बसत नाही. धरणापर्यंत जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो. ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी गुरुवारी निराळी बस काढता येईल का, ते पाहतो.

इचलकरंजीच्या सहयजमानपदाला आमच्यातील दोघांचा विरोध होता. त्यांना वाटते की कोल्हापूरच्या परिषदेत कोल्हापूरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील. बहुमताने प्रस्ताव मान्य झाला. दुसरा दिवस इचलकरंजीत. मँचेस्टरवासी, आपण सभागृह आणि दुपारच्या जेवणाची चौकशी करावी. सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावण्याचा, एखादा कारखाना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवता आले तर उत्तम.

मँचेस्टरवासी

सभागृहाची चौकशी उद्याच करतो. कारखानदार मित्राशी बोललो आहे, तो दाखवायला तयार आहे, फक्त छायाचित्रे काढू नयेत अशी त्याची अट आहे आणि ती आपण मान्य करू नये, असे माझे मत आहे.

जेवणाविषयी एक अडचण सांगतो. तीनशे पानांचा स्वयंपाक म्हणजे पाणी लागते आणि आमच्याकडे ते काही दिवसांआड येते. त्या बुधवारी आमच्या भागाच्या नळाचा वार आहे की नाही, ते व्हॉल्व्हवाल्याला विचारून रविवारपर्यंत कळवतो. वार नसेल तर टँकर मागवणार नाही, परिषदच एक दिवस पुढे घेऊ.